चित्रपटाची चाल बाराव्या शतकात नेताना

2020 सालच्या एप्रिल-मे महिन्यांत, सगळं जग घरात अडकलेलं असताना, यूट्यूबवर एक नवा प्रकार जोरात सुरू झाला. आजची गाजलेली गाणी उचलायची आणि मध्ययुगीन युरोपातल्या एखाद्या दरबारात किंवा सराईत ती वाजत असावीत अशी करून दाखवायची. या प्रकाराला 'बार्डकोर' असं नाव पडलं. पॉप गाण्यांमागोमाग चित्रपटांच्या धुनाही आल्या. अंतराळातल्या साम्राज्याचं लष्करी कूच, समुद्री चाच्यांची धावती धून, ब्रिटिश गुप्तहेराची ओळखधून, सगळं ल्यूट या जुन्या तंतुवाद्यावर, बासरीवर आणि डफावर.

यातलं पुष्कळ ऐकायला छान लागतं, पण मध्ययुगीन वाटतं ते थोडंच. गिटार काढून ल्यूट घेतली, व्हायोलिनऐवजी रेबेक हातात धरलं, तरी धून विसाव्या शतकातलीच राहते. तिच्या पोटात विसाव्या शतकातला स्वरमेळ असतो, म्हणजेच कॉर्ड असतात. मध्ययुगात जायचं तर आधी ते बाहेर काढावे लागतात. आणि ते काढले की त्या चालीत स्वतःच्या पायावर उभं राहायची ताकद किती आहे ते उघडं पडतं. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच परीक्षा.

मध्ययुग म्हणजे नेमकं कुठलं?

साधारण इ.स. 500 ते 1500 या हजार वर्षांना युरोपचं मध्ययुग म्हणतात, आणि हजार वर्षं संगीत काही एका जागी बसून राहत नाही. नवव्या शतकातल्या चर्चमध्ये मुळात एकच स्वररेषा गायली जाई. फार तर तिला समांतर दुसरा आवाज चालवत. 1025च्या सुमारास इटलीतल्या अरेत्झोच्या ग्विदो या भिक्षूने रेषांवर स्वर लिहायची पद्धत बसवली आणि एका लॅटिन स्तोत्रातल्या ओळींच्या पहिल्या अक्षरांवरून उत, रे, मी, फा, सोल, ला ही नावं स्वरांना दिली. बाराव्या शतकात जर्मनीत बिंगेनची हिल्डेगार्ड (1098–1179) ही मठाधिपती एकट्या आवाजासाठी लांबच लांब झेपावणाऱ्या रचना करत होती. त्याच शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये लेओनँ आणि पेरोतँ यांनी दोन, तीन, चार आवाज एकावर एक रचायला घेतले. चौदाव्या शतकात फ्रेंच रचनाकार गियोम द माशो लयीची अशी गुंतागुंत करू लागला की आजच्या गायकालाही घाम फुटतो.

तेव्हा 'मध्ययुगीन ढंग' असं नुसतं म्हणून भागत नाही, शतक निवडावं लागतं. 'मध्ययुगीन' या नावाखाली आपण जे ऐकतो त्यातलं बरंचसं खरं तर सोळाव्या शतकातलं असतं: ल्यूटवर छेडलेले भरगच्च कॉर्ड, दरबारी नाचांचे ठेके. ते पुनरुज्जीवन काळाचं संगीत. सुंदर आहेच, पण 1550 म्हणजे 1200 नव्हे. मी इथे मुख्यतः 1150 ते 1300 हा काळ धरून लिहितो आहे. चित्रपट-संगीतापासून तो सर्वांत दूरचा, म्हणून त्यातून शिकायलाही जास्त मिळतं.

कॉर्ड गेला की काय उरतं

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा अधिक स्वर. सा, ग, प एकत्र वाजले की एक कॉर्ड झाला. पाश्चात्त्य चित्रपट-संगीत जवळजवळ सगळं याच पायावर उभं असतं. चाल तीच ठेवून खालचा कॉर्ड बदलला की प्रसंगाचा रंग बदलतो. पडद्यावर दार उघडतं, आणि आत कोण आहे हे दिसण्याआधीच एका कॉर्डने आपल्याला ते कळलेलं असतं.

जॉन विल्यम्स यांनी 1980च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'साठी लिहिलेलं 'इम्पीरिअल मार्च' जवळून पाहू. काळ्या मुखवट्याच्या डार्थ व्हेडरबरोबर येणारी ही धून सरगममध्ये लिहिली तर पहिली ओळ अशी होते: सा सा सा, ध ग सा, ध ग सा. ग आणि ध कोमल, आणि हा धैवत खालच्या सप्तकातला. दुसरी ओळ: प प प, ध ग नी, ध ग सा. यातला पहिला धैवत वरचा, दुसरा खालचा. आणि तो निषाद शुद्ध, तोही खालच्या सप्तकातला.

नुसते स्वर गुणगुणले तर ही चाल करडी वाटते, पण धडकी भरवत नाही. धडकी भरते ती साथीमुळे. पहिल्या कॉर्डमध्ये सा, कोमल ग आणि प आहेत. पुढच्या कॉर्डमध्ये कोमल ध, शुद्ध नी आणि कोमल ग आहेत. या दोघांत एकच स्वर समान, बाकीचे अनोळखी. कानाला वाटतं की जमीन एका बाजूला कलली. दुसऱ्या ओळीत तो परका शुद्ध निषाद थेट चालीतच येऊन बसतो.

आता हे 1200 साली न्यायचं. तेव्हाच्या रीतीप्रमाणे सप्तकातला एकच स्वर दोन रूपांत मोकळेपणाने वापरता यायचा. बाकीचे चढवायचे किंवा उतरवायचे तर त्याला कारण लागे. असं मान्य कारण म्हणजे ओळ संपवताना निषाद थोडा चढवून षड्जाला भिडवणं. इथे तो शुद्ध निषाद षड्जाकडे जातच नाही, उलट खाली कोमल धैवतावर उडी टाकतो. त्या काळच्या गायकाला ही उडी चुकीची वाटली असती. म्हणून दोनच वाटा उरतात. एक, निषादाच्या जागी सरळ षड्ज ठेवायचा. दोन, निषाद कोमल करायचा. पहिल्या वाटेने चाल साधी होते, दुसरीने ती एखाद्या जुन्या शोकगीतासारखी वाटू लागते. मला दुसरी बरी वाटते, कारण तिच्यात ओळीचा मूळ उतार टिकतो.

साथीतला तो कलता कॉर्ड मात्र सरळ सोडूनच द्यावा लागतो. त्याच्या जागी खाली सा आणि प अखंड धरून ठेवायचे. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला हे नवं सांगायला नको. स्थिर षड्ज-पंचमावर तीच चाल घेतली की तिचा कोमल धैवत पंचमाला घासून जातो आणि त्या घासण्यातून एक वेगळीच भीती निर्माण होते. मूळ धुनेत साम्राज्य चालून येतं; इथे कुणाची तरी अंत्ययात्रा जाते आहे असं वाटतं. बदल मोठा आहे, पण प्रामाणिक आहे.

तीन स्वरांचा कॉर्ड त्यांना का नको होता?

याचं उत्तर गणितात आहे, आणि ते फार सुरेख आहे.

मध्ययुगीन विद्वान स्वर लावायचे ते पायथागोरसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने, म्हणजे फक्त पंचमाच्या जोरावर. पंचमाचं षड्जाशी प्रमाण 3:2. सा वरून प, प वरून त्याचा पंचम, असं चार वेळा चढत गेलं की आपण गंधारावर पोहोचतो, फक्त दोन सप्तकं वर. ती दोन सप्तकं उतरून आलं की गंधाराचं प्रमाण येतं 81:64. पण कानाला गोड, निवांत वाटणारा गंधार 5:4 असतो, म्हणजे 80:64. दोन्हींत 81 आणि 80 एवढाच फरक. आपल्याकडचे अभ्यासक ज्याला प्रमाण श्रुती म्हणतात तेवढाच.

फरक बारीक आहे, पण दोन स्वर एकत्र धरले की तो लपत नाही. पायथागोरसचा गंधार षड्जाबरोबर धरला की दोन्ही आवाज एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांच्यात एक थरथर राहते. पंचम मात्र निवांत बसतो. म्हणून त्या काळात षड्ज, मध्यम आणि पंचम यांच्या जोड्या विसाव्याच्या मानल्या गेल्या, आणि गंधाराची जोडी वाटेवरची, चालता चालता घ्यायची. ओळ संपताना आवाज पंचमावर किंवा सप्तकाच्या षड्जावर येऊन थांबायचे. आजच्या कानाला अशी अखेर पोकळ वाटते. त्यांना ती पूर्ण वाटायची.

चित्रपटाच्या धुनेचा मध्ययुगीन अवतार खरा की वरवरचा, हे ओळखायची सर्वांत सोपी खूण म्हणजे ती संपते कशी ते ऐकणं. शेवटच्या स्वराखाली गंधार वाजत असेल तर आपण तेराव्या शतकात नाही. इंग्लंडचा अपवाद मात्र करायला हवा. तिथल्या गायकांना गंधाराची गोडी आधीपासून होती. तेराव्या शतकातलं 'सुमर इज इकूमेन इन' हे उन्हाळ्याचं गाणं रेडिंग मठाशी संबंधित हस्तलिखितात सापडतं. चार आवाज एकामागून एक तीच चाल धरतात, खाली आणखी दोन आवाज फिरता पाया देतात, आणि सगळ्याला असा प्रसन्न गोडवा येतो की आजचा माणूसही लगेच माना डोलावतो.

मोड: ओळखीचे थाट, अनोळखी नावं

चर्चच्या संगीतात चाली मोडमध्ये बांधल्या जात. मोड म्हणजे स्वरांचा एक ठरलेला संच, आणि त्यात कुठे थांबायचं, कुठला स्वर जास्त घोळवायचा याचे संकेत. राग आणि थाट यांच्या मधलीच ही काहीशी गोष्ट. स्वरांपुरतं पाहिलं तर जुळणी सोपी आहे. डोरियन म्हणजे काफी थाट, फ्रिजियन म्हणजे भैरवी, लिडियन म्हणजे कल्याण, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज.

आता 2003च्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'मधली ती धावती धून घेऊ. प नी सा सा, सा रे ग ग, ग म रे रे, सा नी नी सा. ग आणि नी कोमल, रे शुद्ध. यात एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही: या ओळीत धैवत आलेलाच नाही. त्यामुळे तिचा थाट अजून ठरायचा आहे. साथीत कोमल धैवत घेतला तर आसावरी होईल, शुद्ध घेतला तर काफी, म्हणजे डोरियन. मूळ धुनेत कॉर्डांनी हा निर्णय आधीच घेऊन टाकलेला असतो. कॉर्ड काढून घेतल्यावर तो मांडणी करणाऱ्याच्या हाती येतो. वर एखादी पूरक ओळ रचून तीत शुद्ध धैवत एकदाच लावला, तरी अख्खी धून मोकळ्या माळावर आल्यासारखी होते. या एका स्वराने धुनेचा काळ बदलतो. असं करून दाखवणाऱ्या वादकांचं मला मनापासून कौतुक वाटतं, कारण ते काम ऐकणाऱ्याच्या ध्यानात येतही नाही.

'जॉज' (1975) तर याहून सोपं. विल्यम्स यांनी शार्कसाठी वापरलेले ते दोनच स्वर म्हणजे सा आणि कोमल रे. ती फ्रिजियनची सुरुवातच आहे. त्याला मध्ययुगात न्यायला काहीच बदलायला नको. अडचण फक्त एवढी की ते स्वर अगदी खर्जातले हवेत, आणि इतकं खालचं वाद्य तेव्हाच्या वादकांकडे जवळजवळ नव्हतं. ढोलाचा आधार घेतला तर थोडंफार जमतं.

एक गोष्ट मला खटकते. आनंदी, शुद्ध स्वरांची धून घ्यायची, तिचे ग आणि नी कोमल करायचे आणि झाली मध्ययुगीन, असं सर्रास चालतं. त्यातून समज असा होतो की मध्ययुग म्हणजे कायम धुकं, थंडी आणि उदासी. 'सुमर'सारखं गाणं ऐकलं की हा समज टिकत नाही. वसंतावर, प्रेमावर, मद्यावर, नाचावर त्या काळात ढीगभर लिहिलं गेलं. शुद्ध गंधाराची चाल शुद्ध गंधारातच ठेवून फक्त साथ बदलावी. ते अवघड आहे, पण जास्त खरं आहे.

तीनाची लय

नोत्र दामच्या रचनाकारांनी लय लिहायची पहिली पक्की पद्धत दिली. तिच्यात सहा साचे होते: दीर्घ-ऱ्हस्व, ऱ्हस्व-दीर्घ आणि असेच पुढे. सगळ्यांचा हिशेब शेवटी तीनात. 1280च्या सुमारास कोलोनच्या फ्रांकोने लिहिलेल्या ग्रंथात तीनाच्या मापाला 'पूर्ण' म्हटलं आहे आणि त्याचं कारण ख्रिस्ती धर्मातल्या पवित्र त्रैक्याशी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) जोडलं आहे. दोनाचं माप बरोबरीच्या मानाने लिहायला चौदावं शतक उजाडावं लागलं.

म्हणून चार मात्रांचं कूच जसंच्या तसं बाराव्या-तेराव्या शतकात बसवलं की ते सैनिकांच्या बुटांसकट येतं. त्याला तीनाच्या झोकात आणायचं, म्हणजे प्रत्येक मात्रेचे दीर्घ आणि ऱ्हस्व असे दोन असमान तुकडे करायचे. चालीचे स्वर तेच राहतात, पण चालणं जाऊन डुलणं येतं. चाच्यांच्या धुनेला हे करावंच लागत नाही. ती आधीच तीनाच्या उड्यांवर धावते. बार्डकोरवाल्यांची ती इतकी आवडती का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

लयीहून कठीण प्रश्न रचनेचा. चित्रपटाचं पार्श्वसंगीत दृश्याच्या मागे धावतं. पाठलाग चाळीस सेकंदांचा असेल तर संगीतही तेवढंच, आणि दृश्य कापलं की संगीतही तिथेच कापलं जातं. मध्ययुगीन वाद्यसंगीत मात्र नाचासाठी, पुनरावृत्तीवर उभं असतं. त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रकार एस्टांपी. 1300च्या आसपास पॅरिसमध्ये योहानेस द ग्रोकेओने त्याचं वर्णन करून ठेवलं आहे, आणि पॅरिसमध्ये जपलेल्या एका हस्तलिखितात आठ राजेशाही एस्टांपी लिहिलेल्याही सापडतात.

एस्टांपीचे तुकडे असतात. प्रत्येक तुकडा दोनदा वाजतो. पहिल्यांदा तो 'उघडा' संपतो, म्हणजे षड्जावर न येता रिषभावर वगैरे थबकतो. दुसऱ्यांदा तोच तुकडा 'मिटून' षड्जावर येतो. गंमत अशी की सगळ्या तुकड्यांना हीच एक उघडी आणि हीच एक मिटती अखेर लावलेली असते. तुकडे नवे येत जातात, शेपूट तेच. एखाद-दोन तुकडे ऐकले की ऐकणाऱ्याला शेवट पाठ होतो आणि तो त्याची वाट बघू लागतो.

चित्रपटाची धून या साच्यात घालणं म्हणजे खरं संपादन. मुख्य ओळ घेऊन तिला दोन अखेरी द्यायच्या. मग मूळ संगीतातली दुसरी एखादी कल्पना शोधायची, ती दुसरा तुकडा म्हणून मांडायची आणि तिला पुन्हा त्याच अखेरी जोडायच्या. ज्या धुनेत अशा तीन-चार कल्पना नाहीत ती इथे उघडी पडते. एकाच ओळीला वाद्यवृंदाने दहा रंग चढवले होते, हे तेव्हा कळतं. यात मूळ संगीतकाराची काही चूक नाही. त्याचं काम दृश्याला साथ देण्याचं होतं आणि ते त्याने चोख केलेलं असतं.

वाद्यं

वाद्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण लोक इथेच सर्वांत जास्त लक्ष देतात. कमानीने वाजणारी व्हीएल हे त्या काळचं सर्वगुणसंपन्न वाद्य. ग्रोकेओने तंतुवाद्यांत तिला पहिला मान दिला आहे. रेबेक अरबी रबाबच्या वंशातलं, ल्यूट अरबी ऊदच्या. शॉम हे सनईच्या कुळातलं, आणि नेकर्स म्हणजे कमरेला बांधायची नगाऱ्यांची छोटी जोडी. चाक फिरवून तारांवर घासायचं हर्डी-गर्डी आधी इतकं मोठं होतं की त्याला दोन माणसं लागायची. स्पेनमधल्या सांतियागो द कोंपोस्तेलाच्या कॅथेड्रलच्या दारावर, 1188च्या सुमाराच्या शिल्पांत, दोन वृद्ध ते मांडीवर घेऊन बसलेले आजही दिसतात. अल्फोन्सो दहावा (1221–1284) या कास्तीलच्या राजाच्या दरबारात तयार झालेल्या चारशेहून अधिक भक्तिगीतांच्या सचित्र हस्तलिखितात तर वाद्यांची अख्खी जत्रा भरली आहे.

ऐकताना फरक पडतो तो एका अभावामुळे. 1977च्या 'स्टार वॉर्स'साठी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजला. तिथे आवाज शून्यापासून गर्जनेपर्यंत हळूहळू चढवता येतो. मध्ययुगातली वाद्यं एक तर मोठ्या आवाजाची, मैदानात वाजायची, किंवा हळू आवाजाची, दालनात वाजायची. मधला जिना नाही. त्यामुळे आवाज फुगवत नेऊन अंगावर काटा आणायची चित्रपटी युक्ती इथे चालत नाही. ताण वाढवायचा तर वाद्यं एकेक करून जोडायची, किंवा तुकडा पुन्हा घेताना अलंकार वाढवायचे.

चित्रपटवाले स्वतः या बाबतीत फार सोवळे कधीच नव्हते. 'द टू टॉवर्स'मध्ये (2002) हॉवर्ड शोर यांनी रोहानच्या घोडेस्वारांना हार्डांगर फिडल दिलं. ते नॉर्वेचं लोकवाद्य, आणि त्याचा जुन्यात जुना नमुना 1651चा मानला जातो. ऐकताना मात्र ते मध्ययुगाहूनही जुनं वाटतं, कारण त्याच्या खालच्या तारा वादनाबरोबर आपोआप गुंजत राहतात. तरफांचं हे काम सतार, सारंगी ऐकणाऱ्यांना माहीत आहेच. काळ चुकला, तरी निवड अचूक ठरली.

मध्ययुग पडद्यावर आधीच पोहोचलं होतं

उलट दिशेची वाहतूक फार जुनी आहे. 'डिएस इरे' हे अंतिम न्यायाच्या दिवसाचं लॅटिन स्तोत्र तेराव्या शतकातलं. त्याची पहिली ओळ: ग रे ग सा, रे नी सा सा. ग आणि नी कोमल. 1830 मध्ये फ्रेंच संगीतकार बर्लिओझने ती आपल्या सिम्फनीत आणली, तिथून ती मृत्यूची खूण म्हणून सगळीकडे पसरली. इंगमार बर्गमनच्या 'द सेव्हन्थ सील'मध्ये (1957) स्वतःला फटके मारत जाणारी मिरवणूक ती गाते. 'द शायनिंग'च्या (1980) सुरुवातीला डोंगरातल्या रस्त्यावरून छोटी गाडी जाते तेव्हा सिंथेसायझरवर तीच ओळ आहे. एकदा ओळख पटली की ग रे ग सा कितीतरी चित्रपटांत सापडू लागतो. अशा धुनेला मध्ययुगात नेणं म्हणजे तिला माहेरी सोडणं.

'ओ फॉर्च्युना' या समूहगीताचं मात्र उलटं. 'एक्सकॅलिबर'मधल्या (1981) शूरवीरांच्या घोडदौडीमागे तो प्रचंड समूहस्वर गर्जतो आणि वाटतं, हेच मध्ययुग. शब्द खरोखर मध्ययुगीन आहेत. ते 1230च्या सुमाराच्या ज्या हस्तलिखितातून आले ते 1803 मध्ये बव्हेरियातल्या एका मठात सापडलं. पण संगीत विसाव्या शतकातल्या जर्मन संगीतकार कार्ल ओर्फचं, पहिला प्रयोग 1937चा. मूळ हस्तलिखितातल्या काही गीतांवर सुरांच्या खुणा आहेत, पण रेषांशिवाय; त्यावरून नेमके स्वर ठरवणं अवघड. ओर्फने ते करायचा प्रयत्न न करता नवं संगीत लिहिलं.

काही धुना तर जन्मतःच त्या काळाच्या शेजारी राहतात. एन्नियो मोरिकोने यांची 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ची (1966) हाळी म्हणजे प सा प सा प, वरच्या षड्जाला शिवून परत. एका अंतराची हाक आणि मग छोटंसं उत्तर. तीन पात्रांना तीन आवाज: बासरी, ओकारिना (मातीचं छोटं फुंकवाद्य) आणि माणसाचा गळा. स्वर डोरियनचे, पल्ला लहान, हाक आणि उत्तर यांची अदलाबदल. एस्टांपीच्या उघड्या-मिटत्या अखेरी इथे लावल्या तर त्या चालीला चिकटवल्यासारख्या वाटतच नाहीत. कॉर्ड काढून घेतले तरी या धुनेचं फारसं बिघडत नाही. माझ्या लेखी ती वरच्या परीक्षेत पहिली येते.

शेवटी राहतो जेम्स बाँड. 1962 पासूनची ती ओळखधून खालून सरपटणाऱ्या एका धाग्यावर चालते: प, कोमल ध, शुद्ध ध, पुन्हा कोमल ध. अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी चढायचं आणि उतरायचं. 1200च्या मोडमध्ये दोन्ही धैवत असे एकामागोमाग येत नाहीत. त्यातला एक गाळला तर सरपटणं जातं आणि त्याबरोबर बाँडही जातो. म्हणून बहुतेक लोक एक तर ती धून सोडून देतात किंवा जशीच्या तशी ल्यूटवर वाजवून मोकळे होतात.

पण शतक बदलता येतं. पादुआच्या मार्केत्तोने 1317–18च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात पूर्ण स्वराचे पाच भाग कल्पून एकाच स्वराची दोन रूपं लागोपाठ कशी घ्यायची याची चर्चा केली आहे. त्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये सोलाज नावाच्या रचनाकाराने धुरात हरवलेल्या माणसावर एक गीत लिहिलं, आणि त्यात खर्जाकडे झुकलेले आवाज असे काही अर्ध्या स्वरांनी घसरत जातात की आजही ते विचित्र आणि धाडसी वाटतं. बाँडचा तो सरपटता धागा 1200च्या नाचात बसणार नाही. 1390च्या सुमाराच्या त्या धुरकट दालनात, तीन खालच्या आवाजांत वाटून दिला, तर बसेल.